उलट्या पावलांचा नाच



चाचणी परीक्षेचे पेपर हातात पडले का? पडले असतील तर दप्तराच्या तळाशी लपवू नका. आधी आईला दाखवा आणि मग हे पान वाचायला बसा. कारण आज मी तुम्हाला माझाच एक चुकलेला पेपर दाखवणार आहे. मोठ्या माणसांचेही पेपर चुकतात, बरं का! फक्त त्यांच्यावर लाल शाईच्या खुणा नसतात, म्हणून ते कुणाला दिसत नाहीत.

आमची शाळा मुलुंडला. पावसाळा सुरू झाला की वर्गाच्या खिडकीतून दिसणारा येऊरचा डोंगर आठ दिवसांत हिरवागार होतो आणि माझ्या वर्गाचं लक्ष फळ्यावरून उडतं. “बाई, सहल कधी?” हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. गेल्या जूनमध्ये मी म्हटलं, “यंदा सहल नाही. यंदा दौरा!”

दौरा म्हटल्यावर सगळे गप्प. मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली. १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाचं एक कलापथक होतं. कवी वसंत बापट, शाहीर लीलाधर हेगडे, नृत्य करणाऱ्या आणि बसवणाऱ्या सुधाताई वर्दे अशी मोठी मोठी माणसं त्यात होती. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य याच कलापथकासाठी लिहिलं. ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’ असे गाण्यांचे आणि नृत्यांचे कार्यक्रम घेऊन ही मंडळी गावोगाव जात. कॉलेजात शिकणारी, नुकतीच नोकरीला लागलेली मुलंमुली सुट्टी काढून, ढोलकी-डफ काखेत मारून निघत. लोकांनी आपल्याकडे यायची वाट न बघता आपणच लोकांकडे जायचं, हा त्यांचा रिवाज.

“मग आपणही जाऊ या की!” मागच्या बाकावरून आवाज आला. आणि ठरलं.

पाचवी ते सातवीची बावीस मुलं, आम्ही दोन बाई आणि एक सर. कार्यक्रमात लेझीम, कोळीनृत्य, प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर एक छोटं नाटुकलं आणि शेवटी शेतकरी नृत्य. माझी डी.एड.ची मैत्रीण मुरबाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिने बोलावणं धाडलं होतं. पहिला कार्यक्रम शनिवारी तिच्या शाळेत, मुक्काम तिथेच, आणि रविवारी माळशेज घाट चढून वरच्या एका गावात दुसरा कार्यक्रम. प्रासंगिक करारावर एस.टी. मिळाली. ‘प्रासंगिक करार’ म्हणजे काय? लग्नाला, सहलीला आपण एस.टी.ची अख्खी गाडी ठरवतो ना, त्याचं हे सरकारी नाव.

पालकांची सभा मात्र गाजली. “जुलै महिन्यात घाट? दरड कोसळली तर?” एका आईने विचारलं. प्रश्न बरोबरच होता. सह्याद्रीचा कातळ भक्कम असला तरी त्याच्या भेगांत पाणी मुरतं, वरची माती भिजून जड होते आणि कधी कधी दगडांसकट खाली येते. म्हणून आम्ही नियम केले. घाट फक्त दिवसाउजेडी चढायचा आणि उतरायचा, घाटात गाडी थांबवायची नाही, धबधबा खिडकीतूनच पाहायचा आणि पावसाचा इशारा आला तर दौरा रद्द. हे ऐकून त्या आईने फॉर्मवर सही केली. तिचीच मुलगी आमच्या शेतकरी नृत्यात सगळ्यांच्या पुढे नाचणार होती. तिला आपण ‘आपली पुढची’ म्हणू या.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सहा वाजता गाडी सुटली. ठाणं येईपर्यंत गाण्यांच्या भेंड्या, कल्याण येईपर्यंत निम्म्या डब्यांचा फडशा! कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग क्रमांक ६१ धरला आणि मुरबाड मागे टाकलं, तसे गाडीतले आवाज आपोआप कमी झाले. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भातखाचरं होती. त्या पाण्यात आभाळ पडलेलं. समोर सह्याद्रीची काळी भिंत आणि तिच्यावरून सुतासारखे लोंबणारे पांढरे धबधबे. “बाई, डोंगराला गळती लागलीय!” एकजण म्हणाला. आमच्या चाळींतल्या मुलांना दुसरी कुठली उपमा सुचणार?

शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात कार्यक्रम झाला. दीडशेएक माणसं होती. काही जण लावणी अर्धी टाकून, अंगावर इरलं घेऊन तसेच आले होते. लेझीम रंगलं, नाटुकल्याला टाळ्या पडल्या आणि मग आलं आमचं शेतकरी नृत्य. खरं सांगते, त्याचा मला भारी अभिमान होता. मी स्वतः बसवलं होतं. मुलींना काष्टा, मुलांना मुंडासं आणि हातात हिरव्या क्रेप कागदाची रोपं. ठेका धरायचा, वाकायचं, रोप लावायचं, एक पाऊल पुढे टाकायचं. पुन्हा वाकायचं, पुन्हा पुढे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये याच नृत्याला वन्स मोअर मिळाला होता!

इथे दुसऱ्याच ओळीला समोरची मुलं खुसखुसायला लागली. तिसऱ्या ओळीला हसू मोठं झालं. आणि पुढे बसलेल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, “अगं बाई! लावलं आणि लगेच तुडवलं की सगळं!”

सगळा व्हरांडा हसला.

मुलांनो, तुमच्या लक्षात आलं का काय चुकलं ते? माझ्या नव्हतं आलं. नृत्य कसंबसं संपलं. आमची ‘पुढची’ रडत वर्गात पळाली आणि म्हणाली, “मी उद्या नाचणार नाही. सगळे मलाच हसले.”

मी त्या आजींजवळ गेले. त्यांनी हाताला धरून मला समोरचं खाचर दाखवलं. तिथे अजूनही पाच-सहा बाया वाकून लावणी करत होत्या. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने दोन-तीन काड्या सुट्या करून चिखलात खोचायच्या आणि पाऊल टाकायचं ते मागे! पुढे नाही, मागे. लावलेली रोपं नेहमी डोळ्यांसमोर राहतात आणि पाय पडतो तो मोकळ्या चिखलात. पुढे सरकलं तर आत्ताच लावलेल्या रोपावर आपलाच पाय! माझी मुलं ठेक्यात, हसतमुखाने, अख्खं शेत तुडवत गेली होती.

सांगा बरं, चूक कुणाची? मुलांची? मुळीच नाही. नृत्य बसवलं मी. मी पंचवीस वर्षं रोज भात खाते, चार वर्षं हे नृत्य शिकवते, आणि भात लावताना माणूस कुठल्या दिशेला चालतो हे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. टीव्हीवरचा नाच पाहून मी नाच बसवला होता. त्या टीव्हीवाल्यांनी कुणाचा पाहून बसवला होता, कोण जाणे!

रात्री पिठलं-भाकरी झाली. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. मुलं सतरंज्यांवर गप्पगप्प बसली होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, “आजची चूक माझी आहे. तुम्ही शिकवलं तसंच केलंत. न बघता शिकवलं ते मी.” बाईंनी चूक कबूल केली की वर्ग किती शांत होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आमचे ड्रायव्हरकाका दाराशी बसून चहा पीत होते. ते जुन्नरकडचे. ते म्हणाले, “बाई, आमच्याकडे नारायणगाव आहे. तमाशाची पंढरी म्हणतात त्याला. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. जत्रांच्या दिवसांत फड रोज नव्या गावात. रात्रभर खेळ, पहाटे तंबू-कनाती ट्रकमध्ये आणि गाडीत बसल्या बसल्या झोप. विठाबाई नारायणगावकरांनी आख्खं आयुष्य असं काढलं. तिथे जरा चुकलं की लोक तोंडावर बोलतात. कलावंत राग धरत नाहीत. लोक बोलतात म्हणजे लोक बघतात!”

विठाबाई (१९३५-२००२) म्हणजे राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या थोर तमाशा कलावंत. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाच्या घराण्यात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासन दरवर्षी एका ज्येष्ठ लोककलावंताला पुरस्कार देतं. काकांचं ते वाक्य ऐकून आमच्या ‘पुढची’ने मान वर केली. बोलली मात्र काही नाही.

रविवारी सकाळी पाऊस उघडला आणि आजींनी निरोप धाडला, “पोरांना शेतावर आणा.”

मग काय विचारता! बावीस मुलं गुडघाभर चिखलात! पहिल्या पाच मिनिटांत चार जण बसकण मारून मोकळे झाले. एकाची चप्पल चिखलाने गिळली ती शेवटपर्यंत मिळाली नाही. काल सगळ्यांत जास्त हसलेली एक मुलगी, सहावीतलीच, पुढे आली. तिने आमच्या ‘पुढची’च्या हातात रोपांची मूठ दिली आणि म्हणाली, “असं धर. अंगठा आत. फार खोल नको खुपसू, गुदमरतं ते. आता मागे हो. मागे बघू नको, पायाला कळतं.”

पायाला कळतं! किती छान वाक्य आहे ना? दहा मिनिटांनी दोघी एका ओळीत लावणी करत होत्या. अर्ध्या तासाने सगळ्यांच्या कमरा धरल्या. “बाई, नाचात आपण चार ओळी लावतो, इथे तर ओळी संपतच नाहीत!” एकजण कळवळून म्हणाला. आजी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकलेल्या असतात, आणि आमच्या नृत्यात शेतकरी सारखा हसत होता. ते हसू आता कुठे ठेवायचं, हाही प्रश्न आलाच. आम्ही ठरवलं, हसायचं ते शेवटी, सगळी लावणी झाल्यावर, कंबर सरळ करताना.

क्रेप कागदाची रोपं रात्रीच्या ओलीने लिबलिबीत होऊन सगळ्यांचे हात हिरवे करून गेली होती. आजींनी उरलेल्या खऱ्या रोपांच्या मुठी गोणपाटात गुंडाळून दिल्या. “ही घ्या. नाच झाला की वरच्यांना द्या, लावतील. वाया नका घालवू.”

अकराच्या सुमाराला घाटाला लागलो. वळणावर वळण, धुकं आणि खिडकीच्या काचेवर उडणारं धबधब्याचं पाणी. आलेपाकाच्या वड्या, लिंबं, पिशव्या अशी सगळी तयारी होती, तरी तिघांनी घाटाला आपापला नैवेद्य दाखवलाच! त्यातला एक तोंड पुसत म्हणाला, “बाई, आजचा कार्यक्रमच उलटा आहे!” गाडीत हशा पिकला.

घाटमाथ्यावर आल्यावर मी मुलांना एक गंमत सांगितली. आपण आत्ता पाण्याच्या वाटणीच्या जागी आहोत. घाटाच्या पश्चिमेला पडलेला थेंब काळू नदीतून उल्हास नदीत जातो आणि आपल्या मुंबईजवळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतो. पण जरासा पूर्वेला पडलेला थेंब कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असा मोठा प्रवास करत थेट बंगालच्या उपसागरात! एकाच ढगातले दोन शेजारी आणि त्यांची घरं केवढी लांब. मुलं बराच वेळ काचेवरच्या थेंबांना “तू कुणीकडचा रे?” असं विचारत होती.

वरच्या गावात देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम होता. समोर हरिश्चंद्रगडाचे कडे ढगांत बुडालेले. तयारी चालू असताना गावातला एक मुलगा आमच्या होडीच्या वल्ह्याकडे बघत म्हणाला, “हे काय?” आमच्या मुलाने ऐटीत सांगितलं, “आम्ही कोळी आहोत. मासे पकडतो.” तो म्हणाला, “आम्ही पण कोळीच. पण आमच्याकडे समुद्र कुठाय? आमचं भात, नाचणी आणि रानातला हिरडा.”

आमचे सगळे बुचकळ्यात! तेव्हा तिथल्या गुरुजींनी समजावलं. हे महादेव कोळी, डोंगरातले. समुद्राकाठचे कोळी वेगळे. आणि मग त्यांनी मलाच विचारलं, “तुम्ही ठाण्यावरून आलात ना? आमच्या राघोजी भांगऱ्यांना तिथल्याच तुरुंगात फाशी दिलं.” हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे, अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. इंग्रजांविरुद्ध आणि लोकांना नाडणाऱ्या सावकारांविरुद्ध ते लढले. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या कारागृहात फाशी झाली. कालच सकाळी आम्ही ठाण्यातून भेंड्या लावत आलो होतो!

आमच्या निवेदन करणाऱ्या मुलीने लगेच आपल्या कागदावर एक ओळ खोडली. ‘सादर आहे कोळीनृत्य’ असं होतं, तिथे तिने लिहिलं, ‘सादर आहे मुंबईच्या समुद्राकाठी राहणाऱ्या कोळी बांधवांचं नृत्य.’ मी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच केलं. लोकांनी ते नृत्य फार कौतुकाने पाहिलं, कारण आता ते त्यांच्यासाठी लांबच्या पाहुण्यांचं होतं.

आणि मग शेवटचं शेतकरी नृत्य. ठेका सुरू झाला. मी डोळे मिटून घेतले होते म्हटलं तरी चालेल. एका सकाळीत आख्खा नाच उलटा करायचा म्हणजे सोपं आहे का? सकाळी गाडीत बसण्याआधी दोनदा आणि इथे देवळामागे एकदा, एवढीच तालीम झालेली. त्यात एकाने तालमीत कुजबुज केली होती, “बाई, उलटे पाय तर भुताचे असतात!”

पण ‘आपली पुढची’ उभी राहिली होती. आता ती पुढची राहिली नव्हती, कारण नाच मागे मागे जाणार होता आणि ती सगळ्यांत शेवटी पोहोचणार होती. डाव्या हातात खऱ्या रोपांची मूठ, अंगठा आत. वाकली, लावलं, मागे. वाकली, लावलं, मागे. दुसऱ्या कडव्याला तिचा पाय मागच्या मुलाच्या पायात अडकला आणि धपकन ती पाठीवर पडली!

सभामंडप हसला. माझ्या पोटात गोळा आला. पण ती उठली, काष्टा झटकला आणि स्वतःच खळखळून हसली. शेतात कोण पडत नाही? तिने पुन्हा मूठ धरली आणि पुन्हा मागे. खांबाला टेकून बसलेले एक आजोबा नाच संपल्यावर एवढंच म्हणाले, “आता पीक येईल.”

या वाक्यापुढे गॅदरिंगचा वन्स मोअर मला फिका वाटला.

रोपं आजोबांच्या हवाली केली आणि काकांच्या अटीप्रमाणे बरोबर चारला निघालो. उतरताना ढग फाटून ऊन पडलं, सगळा घाट सोन्यात न्हाऊन निघाला. ठाणं आलं तेव्हा अंधार झाला होता. भेंड्या चालू होत्या, पण कुणीतरी “श्शू! ठाणं आलं” म्हटलं आणि गाडी क्षणभर शांत झाली. ही शांतता मी शिकवलेली नव्हती.

मुलांनो, त्या जुन्या कलापथकाच्या कार्यक्रमाचं नाव ‘महाराष्ट्र दर्शन’ होतं, हे मी तुम्हाला सुरुवातीला सांगितलं. इतकी वर्षं मला वाटायचं, दर्शन म्हणजे आपण लोकांना दाखवायचं. आता वाटतं, दर्शन आधी आपण घ्यायचं असतं. देवळात आपण दाखवायला जातो का? बघायलाच जातो ना!

पालकहो, तुमच्यासाठीही दोन शब्द. ‘मुलं हसतील, चुकतील, पडतील’ म्हणून आपण त्यांना जपतो, आणि घाटात जपायलाच हवं. पण ज्या हसण्यातून कुणीतरी पुढे होऊन “असं धर” म्हणतं, त्या हसण्यापासून मात्र त्यांना वाचवू नका. सभेत दरडीची काळजी करणाऱ्या त्या आईने सोमवारी मला विचारलं, “बाई, ही घरात उलटी का चालतेय?” मी म्हटलं, “चालू द्या. भात लावतेय ती.”

आता गृहपाठ! तुमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये शेतकरी, कोळी, धनगर असं कुणाचं तरी नृत्य असणारच. ते काम खरोखर करणाऱ्या एका माणसाला भेटा. जवळ कुणी नसेल तर आजी-आजोबांना विचारा. हात कसा धरतात, पाय कुठे टाकतात, दमल्यावर काय करतात, सगळं विचारा आणि तुमच्या नाचात एक तरी गोष्ट बदला. काय बदललंत ते मला पत्र लिहून कळवा.

आणि हो, तुमच्या बाईंचं काही चुकलं असेल तर त्यांनाही सांगा. हळू आवाजात सांगा, पण सांगा!

तुमच्या,
बाई